उन्हाळा लागला की योक दगा देतो: काय तपासायचं आणि नवा घेताना काय पाहायचं

घरी संगणकाच्या सिम्युलेटरवर (थोडक्यात सिम) विमान उडवणाऱ्यांच्या तक्रारी एप्रिल लागला की नागपुरात जवळपास सारख्याच येऊ लागतात. उतरायच्या शेवटच्या टप्प्यात योक (विमानाच्या स्टिअरिंगसारखं, यूएसबीने संगणकाला जोडायचं उपकरण) मेल्यासारखा होतो आणि क्षणभराने परत जागा होतो. हात सोडला तरी विमान एका अंगाला झुकतं. नाक आपोआप थरथरतं. वायर काढून परत लावली की थोडा वेळ बरं चालतं, मग पुन्हा तेच. पाऊस स्थिरावला की यातल्या बऱ्याच तक्रारी गप्प होतात आणि पुढच्या उन्हाळ्यात परत डोकं वर काढतात.

ऋतूबरोबर येणारं-जाणारं दुखणं बहुधा योकच्या आतलं नसतं. ते यूएसबीला मिळणाऱ्या विजेत, घराच्या अर्थिंगमध्ये, खोलीतल्या धुळीत किंवा सिमच्या सेटिंगमध्ये असतं. तरीही लोक आधी योक खोलतात नाहीतर सरळ नवा मागवतात. तसं करू नका. आधी पुढची तपासणी करा, तिला पैसा लागत नाही.

सिम बंद ठेवून पहिली परीक्षा

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत जॉय, मग टिंब, मग सीपीएल असं टाइप करून एंटर मारा. गेम कंट्रोलरची जुनी यादी उघडते. त्यात योक निवडा, प्रॉपर्टीजवर क्लिक करा. टेस्टच्या पानावर एक चौकोन आणि त्यात अधिकचं बारीक चिन्ह दिसेल. योक फिरवला की ते आडवं सरकतं, ओढला-ढकलला की उभं. योककडून विंडोजपर्यंत काय पोचतंय ते इथे उघडं दिसतं. सिममधला वारा, ट्रिम (योक धरून ठेवायचा दाब कमी करणारी सोय), डेडझोन (मध्याजवळचा पट्टा, जिथली हालचाल सिम मोजत नाही) यांपैकी काहीही मध्ये नसतं. फार तर विंडोजचं स्वतःचं कॅलिब्रेशन, म्हणजे मध्य आणि टोकं कुठे आहेत याची नोंद, असतं.

हात पूर्ण काढून घ्या आणि चिन्ह मिनिटभर बघत बसा. मग योक अगदी सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्या. सावकाश म्हणजे खरोखर सावकाश, कारण झटक्यात फिरवला तर मधली उडी डोळ्याला दिसत नाही. मग मध्यावर सोडून द्या आणि चिन्ह दर वेळी त्याच जागी येतं का ते बघा.

मनीषनगरच्या माझ्या भाच्याचा फोन आला होता, "मामा, योक ठेवला तसाच आहे, तरी विमान डावीकडे झुकून राहिलं." त्याला म्हटलं, सिम बंद कर आणि आधी ते चिन्ह कुठे उभं आहे ते सांग. चिन्ह बरोबर मध्यावर, हालचाल शून्य. म्हणजे योक निर्दोष. त्याच्या संगणकाला गेमपॅडही जोडलेला होता, त्याच्या डाव्या काडीलाही एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे झुकवणारं नियंत्रण) नेमलेला होता, आणि ती काडी किंचित डावीकडे कलंडलेली होती. गेमपॅडची वायर काढली आणि विमान सरळ झालं.

या परीक्षेतून तीनपैकी एक वाट निघते. चिन्ह शांत आहे पण सिममध्ये विमान भरकटतं: दोष सिमच्या सेटिंगमध्ये. यादीतून योकचं नावच गायब होतं, विंडोजचा उपकरण तुटल्याचा आवाज येतो: दोष वायर, पोर्ट किंवा विजेत. नाव राहतं पण चिन्ह थरथरतं, उड्या मारतं, मध्यावर परतत नाही: दोष सेन्सर, स्प्रिंग किंवा कॅलिब्रेशनमध्ये. या तिन्हींची सरमिसळ केली की महिनोन्‌महिने काही सापडत नाही.

नाव गायब होत असेल तर: कूलर, अर्थिंग आणि काळी माती

नागपूरच्या घरांत सर्वांत जास्त छळणारा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा प्रकार हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कूलरमध्ये दोन मोटरी असतात, एक पंख्याची आणि एक पाणी चढवणाऱ्या पंपाची. मोटर बंद करताना तिच्या गुंडाळीतलं चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं आणि व्होल्टेजचा एक झटका उठतो. बटणाच्या आत बारीक ठिणगी पडते. हा झटका घरातल्या वायरिंगमधून धावतो आणि जवळच्या वायरींमध्येही उतरतो. यूएसबीचे संदेश फार कमी व्होल्टेजवर चालतात. झटका तिथे पोचला की योकमधली चिप गोंधळते, स्वतःला नव्याने चालू करते, आणि विंडोज समजतं की उपकरण काढलं. शेजारचा टिल्लू पंप (नळाचं पाणी खेचणारी छोटी मोटर), फ्रीज, मिक्सर यांच्यामुळेही हेच होतं. कूलर मात्र त्याच खोलीत, बऱ्याचदा संगणकाच्याच बोर्डावर लावलेला असतो.

मग हिवाळ्यात मिक्सर चालतोच की, तेव्हा योक का तुटत नाही? याचं उत्तर बऱ्याच घरांत जमिनीखाली असतं. आपल्याकडची काळी माती सुकली की आकसते, तिला भेगा पडतात. अर्थिंगचा रॉड किंवा पाटा या मातीत पुरलेला असतो. माती त्याला सोडते, ओल जाते आणि अर्थचा रोध वाढतो. पावसाळ्यात ठीक असलेली अर्थिंग नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या कडक नऊ दिवसांत, नावापुरती उरते. मग संगणकाच्या एसएमपीएसमधल्या (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरने बाहेर टाकलेल्या गोंगाटाला वाट मिळत नाही आणि तो कॅबिनेटच्या पत्र्यावरच तरंगत राहतो. याची खूण सोपी आहे: पत्र्याला हाताची मागची बाजू हलकेच लावली की बारीक झिणझिण्या येतात. झिणझिण्या येत असतील तर योकचा विचार बाजूला ठेवा, आधी वायरमनला बोलवा.

खात्री करायची तर सिम बंद ठेवून मघाचं पान उघडा आणि घरातल्या कुणाला तरी कूलरचा पंप आणि पंखा आळीपाळीने चालू-बंद करायला सांगा. बटण दाबण्याच्या क्षणी नाव उडालं तर चोर सापडला. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून, बॅटरीवर हीच परीक्षा पुन्हा करा. बॅटरीवर योक टिकतो आणि चार्जरवर तुटतो, तर दोष मेन लाइनकडचा.

उपाय खालच्या क्रमाने करा. कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ठेवू नका. वेगळ्या भिंतीवरचा, शक्यतो वेगळ्या एमसीबीचा पॉइंट वापरा. यूएसबीची वायर पॉवर केबलला लागून, गुंडाळून ठेवू नका. वायरीच्या योककडच्या टोकाला विजेचा गोंगाट अडवणारं फेराइटचं कडं चढवा. बर्डीवर (सीताबर्डीत) इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत विचारलं तर मिळतं. मग अर्थिंग. वायरमनला नुसता टेस्टर लावून "आहे ना भाऊ अर्थ" म्हणू देऊ नका. अर्थ टेस्टर नावाचं वेगळं यंत्र असतं, त्याने रोध मोजून घ्या. खड्डा कोरडा पडला असेल तर उन्हाळाभर त्यात पाणी सोडायची सवय ठेवा. जुन्या खड्ड्यात कोळसा-मीठ नव्याने भरावं लागू शकतं. आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. त्यात जिवाला धोका आहे.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा (खडबडीत वीज देणारा) आहे की साइन वेव्हचा (घरच्या लाइनसारखी वीज देणारा) तेही बघा. लाइट गेल्यावरच योक बिथरत असेल तर संशय तिकडे जातो.

विंडोजची वीजबचत

कूलरशी संबंध नाही, पण योक काही वेळ स्थिर ठेवला की तुटतो, असं असेल तर विंडोज त्याला झोपवतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रत्येक नोंदीच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. सायटेकच्या वंशातल्या योकसाठी (२०१६ मध्ये सायटेक लॉजिटेकने विकत घेतली, तेच आताचे लॉजिटेकचे योक) रजिस्ट्रीतली एक जागा वेगळी तपासावी लागते. त्या उपकरणाच्या नोंदीखाली डिव्हाइस पॅरामीटर्समध्ये एनहान्स्ड पॉवर मॅनेजमेंट एनेबल्ड अशी किंमत असते, ती १ वरून ० करायची. उपकरण दुसऱ्या पोर्टला लावलं की विंडोज नवी नोंद बनवतं आणि तिथे परत १ येऊ शकतो. "दुरुस्त केलं होतं, परत सुरू झालं" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. म्हणून योकसाठी एक पोर्ट कायमचं ठरवून टाका. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवा.

पोर्ट मदरबोर्डचं, मागच्या बाजूचं असावं. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं. साध्या हबवर योक, पेडल, थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी दांडी) आणि दिव्यांची पॅनल एकत्र लावली की तेवढ्याच विजेचे वाटे पडतात. हब लागतच असेल तर स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा घ्या. पाच मीटरपेक्षा लांब साधी यूएसबी वायर वापरू नका.

चिन्ह थरथरत असेल तर

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं आणि नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. सेन्सर सांगतो ते आणि खरं ते वेगळं असू शकतं हे आपल्या शहराला नवं नाही. योकमध्येही एक सेन्सर फिरण्याचा आणि एक ओढण्या-ढकलण्याचा असतो.

जुन्या आणि स्वस्त योकमध्ये हे काम पोटेन्शिओमीटर करतो. त्यात कार्बनचा एक पट्टा आणि त्यावर घासत जाणारी धातूची जीभ असते. उन्हाळ्यातला फुफाटा फटींतून आत जातो. त्यावर कूलरचा दमट झोत आला की धूळ पट्ट्याला चिकटते. बोअरच्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर साचतो ना, तोच क्षार बारीक तुषारांबरोबर टेबलावरही येतो. म्हणून योक कूलरच्या थेट झोतात कधीच ठेवू नका. उडून झालं की त्यावर जाड सुती कापड टाका.

आधी विंडोजचं कॅलिब्रेशन पुसा: त्याच प्रॉपर्टीजमध्ये सेटिंग्जच्या पानावर मूळ स्थितीला नेणारं बटण आहे. जुनं, चुकीच्या क्षणी केलेलं कॅलिब्रेशन मध्यबिंदू कायमचा सरकवून ठेवतं. थरथर तरीही राहिली तर योक टोकापासून टोकापर्यंत भराभर फिरवत राहा. थोड्या वेळाने चिन्ह शांत झालं तर धूळच होती, आणि ती परत येणार.

वॉरंटी संपली असेल आणि हात बसलेला असेल तरच खोला. यूएसबी काढा, स्क्रू कुठला कुठे होता त्याचे फोटो घ्या, स्प्रिंग सांभाळा. पोटेन्शिओमीटरच्या पायांजवळच्या फटीत इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट क्लीनर मारा, दांडा दोन्हीकडे खूप वेळा फिरवा, पूर्ण वाळू द्या. गंज काढायचा घरगुती तेलकट स्प्रे इथे चालत नाही. त्याचा तवंग मागे राहतो आणि महिन्याभरात दुप्पट धूळ धरतो. योकची दांडी अडकत असेल तर प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस नखभर लावा. शिलाई मशीनचं तेल नको, व्हॅसलिन नको.

स्वच्छ करूनही उडी राहिली तर पट्टा झिजला. मल्टिमीटरचा एक प्रोब मधल्या पायाला, दुसरा कडेच्या पायाला लावा आणि दांडा हळूहळू फिरवा. काट्याचा मीटर असेल तर उत्तम, कारण आकड्यांच्या मीटरला जे दिसत नाही ते काटा दाखवतो: सरळ चढत गेलेला काटा एका जागी दचकतो. ती जागा बहुतेक वेळा मध्यावर असते, कारण योक सगळ्यात जास्त तिथेच हलतो. बदली भाग घेताना जुन्यावरचा आकडा वाचा आणि रोध रेषीय म्हणजे लिनिअर आहे याची खात्री करा. बहुतेक आशियाई बनावटीत बी हे अक्षर लिनिअरचं आणि ए हे आवाजाच्या बटणासारख्या वक्र रोधाचं. ए लावला तर विमान एका बाजूला झटकन वळेल आणि दुसऱ्या बाजूला रेंगाळेल.

हॉल सेन्सरच्या योकमध्ये घासणारं काहीच नसतं, चुंबक आणि चिप एवढंच. तिथे थरथर दिसली तर शेजारी ठेवलेला मोठा स्पीकर हलवून बघा, मग पुन्हा विजेकडे वळा.

चिन्ह शांत, विमान बेशिस्त

सिमच्या कंट्रोलच्या पानावर जोडलेलं प्रत्येक उपकरण उघडा, नुसता योक नाही. एलेरॉन आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं) फक्त योकवर, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं) फक्त पेडलवर. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर नव्या उपकरणाला स्वतःहून नेमणुका देतं, त्यामुळे पेडल नवीन घेतले त्या दिवसापासून योक बिघडल्यासारखा वाटू शकतो. योक अजिबातच ऐकत नसेल तर ऑटोपायलट चालू आहे का, किंवा सहायक सेटिंगमध्ये विमान संगणकाच्या हवाली केलंय का, ते बघा.

मग दोष नसलेले दोष. सेसना १७२ ला पूर्ण पॉवर दिली की ती डावीकडे ओढते. पंख्याच्या फिरण्यामुळे खऱ्या विमानातही असंच होतं, तिथे उजवा पाय लागतो. बराच वेळ उडाल्यावर एका बाजूचा पंख जड वाटला तर इंधनाचा सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर आहे का बघा. एकाच टाकीतून इंधन जात राहिलं की दुसरा पंख जड होतो. आणि नाक सतत वर किंवा खाली जात असेल तर आधी ट्रिम. घरच्या योकची स्प्रिंग नेहमी मध्याकडेच ओढते, ट्रिमबरोबर तिचा दाब बदलत नाही. त्यामुळे पद्धत अशी: हवं ते नाक योकने धरून ठेवा, ट्रिम थोडं थोडं फिरवत योक मध्याकडे सैल सोडत या.

डेडझोन वाढवून थरथर झाकू नका. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण उतरताना लागणाऱ्या बारीक दुरुस्त्या नेमक्या त्याच पट्ट्यात असतात. लॉजिटेकच्या योकला मध्यावर एक खाच जाणवते. तिथे डेडझोनही मोठा ठेवला तर मध्याजवळ काहीच हातात राहत नाही. डेडझोन शक्य तितका लहान ठेवा आणि संवेदनशीलतेची वक्ररेषा मध्यावर थोडी सौम्य करा.

दुरुस्तीनंतर मी सिममध्ये नेहमी सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरच तपासतो. धावपट्टी ३,२०० मीटर लांब, १४ आणि ३२ अशा दोन दिशा, आजूबाजूला सपाट. वारा शून्य, सेसना १७२, तीन हजार फुटांवर जाऊन ट्रिम आणि मग हात काढून घेतले. विमान बराच वेळ सरळ राहिलं तर काम झालं. कूलर चालू ठेवूनच ही परीक्षा घ्या.

नवाच घ्यायचा असेल तर

आधी तुम्ही काय उडवता ते ठरवा. सेसना, बोइंग, एटीआर यांना योक असतो. एअरबसला बाजूची काडी असते, त्यामुळे ए३२० चं वेड असलेल्याने योकवर पैसे घालू नयेत. वैमानिक प्रशिक्षणाची तयारी करणाऱ्या मुलांनी आपली संस्था कोणतं विमान वापरते ते विचारावं, कारण डायमंड डीए४० ला काडी असते.

नागपुरात मी सेन्सरला पहिला मान देतो. हॉल सेन्सरचा योक धुळीत आणि दमट झोतात जास्त टिकतो. हनीकोंब अल्फा आणि थ्रस्टमास्टरचा बोइंग योक या जातीतले. दुसरा मान फिरण्याच्या कोनाला. लॉजिटेकचा योक एकूण ९० अंश फिरतो, अल्फा आणि टर्टल बीचचा व्हेलोसिटीवन १८० अंश. फरक पहिल्याच उतरणीत हाताला कळतो: कमी कोनात तेवढंच नियंत्रण बसवलेलं असल्याने हात जरासा हलला तरी पंख जास्त झुकतो. लॉजिटेकची जमेची बाजू अशी की त्याच्याबरोबर थ्रॉटल क्वाड्रंट (थ्रॉटलच्या दांड्यांचा संच) येतो. बजेट आखडतं असेल आणि खोली कूलरच्या झोतापासून दूर असेल तर तो वाईट सौदा नाही. एक्सबॉक्सवर उडवणाऱ्यांनी थ्रस्टमास्टर बोइंग किंवा व्हेलोसिटीवन पाहावा. मूळ अल्फा पीसीपुरता आहे, एक्सबॉक्ससाठी त्याची वेगळी आवृत्ती येते.

टेबल मोजा. आपल्याकडच्या प्लायच्या टेबलांना पुढे खाली पट्टी असते किंवा लगेच खण असतो, आणि क्लॅम्पचा जबडा तिथे अडतो. सनमायकावर क्लॅम्प सरकतो, मध्ये रबराचा तुकडा घाला. योक उंच बसला की कोपर हवेत राहतात आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात, म्हणून टेबल बुटकं चालेल, उंच नको.

बाहेरून आणून विकणाऱ्याकडून घेत असाल तर भारतातली वॉरंटी कोण देणार ते बिलावर लिहून घ्या. पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपण्याआधी रोज थोडा वेळ ते चिन्ह बघा: सकाळी थंड खोलीत, दुपारी कूलर चालू असताना, आणि टिल्लू पंपाच्या वेळेला. दोष दिसला तर सेटिंगमध्ये जिरवू नका, व्हिडिओसकट परत पाठवा.